पिंपळाच्या फांदीजवळचा गिलास

बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. दुपार.

आई,

परवा संध्याकाळी अंधड आलं. आपल्याकडे वैशाखात येतं तसंच, आधी धूळ, मग कोणाच्या तरी छपराचा पत्रा वाजल्याचा आवाज, मग चार थेंब आणि मातीचा वास. काल सकाळी मी जुन्या कॉलनीत जाऊन फांदी आणली. खीर केली. विहारात वंदनेला जाऊन आले. आज सकाळी तुझे जावई तुझ्या नातीला घेऊन दवाखान्यात गेले आहेत. तिला नववा महिना आहे आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा सोनोग्राफी करायला सांगितली आहे. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी राहिले. फांदी व्हरांड्यात आहे. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे आणि अक्षर मोठं काढते आहे, कारण तुला वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागायचं आणि बारीक अक्षर आलं की तू कागद माझ्या हातात द्यायचीस.

रेल्वेची ती क्वार्टरं आता पाडायला काढली आहेत. आपल्या ओळीतली अर्धी पडलीसुद्धा. पण ओळीच्या शेवटचा पिंपळ आहे तसाच आहे. वैशाखातलं वारं येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यातली ड्यूटी संपवून सरळ घरी येत नसायचीस, पिंपळाकडून वळसा घालून यायचीस. अंगावर आयाची पांढरी साडी, एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात तुझ्याइतकीच उंच फांदी. कॉलनीतले लोक दाराशी उभे राहून बघायचे आणि मला लाज वाटायची. बाकीच्या घरांत सणाला झेंडूची माळ यायची, आंब्याची पानं यायची. आपल्या घरात रस्त्यावर पडलेलं लाकूड यायचं.

तुझा नियम एकच होता. एकदा मी हाताशी आलेली एक कोवळी डहाळी ओढली, तर तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. "जिवंत झाडाले हात नाही लावायचा. त्यानं टाकलं तेवढंच आपलं." ती चापट मला अजून आठवते, कारण तू मारत नसायचीस. मग फांदी आणल्यावर तू तिच्यावरून हात फिरवायचीस, बुडापासून शेंड्यापर्यंत, हळूहळू, जसं दवाखान्यात कोणाच्या हाडावरून फिरवत असशील. मी विचारलं तर म्हणायचीस, "खिळा हाय का ते पाहून राहिली." खिळा कशाला असेल, हे तेव्हा मला समजत नव्हतं.

तेलाचा रिकामा चौकोनी डबा पलंगाखाली असायचा. तो काढायचा, मी रुळांच्या कडेची गिट्टी फ्रॉकमध्ये भरून आणायची, फांदी मधे उभी करायची आणि चारही बाजूंनी गिट्टी दाबायची. मग पाणी. मोडलेल्या टोकातून पांढरा चीक गळायचा आणि साडीला लागला की त्याचा डाग निघत नसे, म्हणून तू पदर खोचून बसायचीस. एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचीस. धूळ गेली की पान तेल लावल्यासारखं चमकायचं. निळा, पिवळा, लाल, पांढरा, भगवा, असे पताकांचे कागद मी कापायची आणि खळीने दोऱ्यावर चिकटवायची. कापसाची लहान कमळं तू करायचीस. बाबांनी रेल्वेच्या त्यांच्या वॅगन शॉपमधल्या एका मिस्त्रीकडून रंग दिलेल्या बल्बांची माळ जोडून आणली होती, तिच्यातला एक तरी बल्ब दर वर्षी लागायचा नाही आणि बाबा दर वर्षी त्याला शिव्या द्यायचे. संध्याकाळी तसबिरींसमोर ती फांदी उभी राहिली की आपली ती एक खोली ओळखू येत नसे. भिंतीवर पानांच्या सावल्या पडायच्या. पंखा बंद केला तरी पानं हलायची. मला ते आवडायचं आणि भीतीही वाटायची.

भीती शेजारच्या काकींनी घातली होती. त्या इथल्याच मूळच्या, बेमेतरा बाजूच्या, आपल्या भिंतीला भिंत लागून, आणि तुझ्याशी दिवसातून दोनदा भांडायच्या आणि तीनदा चहा प्यायच्या. पहिल्यांदा तू फांदी घेऊन आलीस तेव्हा त्या नळावर होत्या. भांडं तसंच सोडून आल्या. "झन लान ओ दीदी! ओमा परेतिन रहिथे!" आणू नको, त्यात परेतीन राहते. बाळंतपणात मेलेली बाई झाडात जाऊन बसते आणि पोटुशा बायकांच्या मागे लागते, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. तू फांदी खाली ठेवली नाहीस. त्यांच्याच बोलीत म्हणालीस, "रहिथे त रहन दे. एक दिन मोर घर रइही." राहते तर राहू दे, एक दिवस माझ्या घरी राहील. मग माझ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणालीस, "याच झाडाखाली बुद्ध बसले व्हते. तिथं भूत कोठून बसन? जागा तरी उरली का?" काकी कपाळाला हात लावून परत नळावर गेल्या. मी हसले. तू हसली नव्हतीस, हे मला आज लिहिताना आठवतं आहे.

खिळ्यांचं पुढच्या वर्षी समजलं. पिंपळाच्या बुंध्यात लोकांनी खिळे ठोकले होते, लिंबू टोचलेले, काळा दोरा बांधलेले. परेतीन बाहेर पडू नये म्हणून. तू भर दुपारी बाबांची पकड घेऊन गेलीस आणि ते काढायला लागलीस. काही झाडाने गिळले होते, त्यांची नुसती टोपी दिसत होती. सगळी ओळ जमा झाली. कोणी म्हणालं, सुटेल आता ती. कोणी म्हणालं, दवाखान्यात काम करते म्हणून हिला काही वाटत नाही. तू पकड घट्ट धरून ओढत राहिलीस. निघाले तेवढे खिळे पदरात घेऊन घरी आलीस आणि ते रद्दीवाल्याला लोखंडाच्या भावात देऊन टाकलेस. बाबा म्हणाले, "वा! परेतीन बी विकली तू." त्यावर मात्र तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की ते शर्ट घालून बाहेर निघून गेले.

त्या पौर्णिमेला आपली खीर कोणी घेतली नाही. मी ताट घेऊन दारोदार गेले आणि भरल्या वाट्या परत आणल्या. एका बाईने तर दार उघडून माझ्या हाताकडे पाहिलं आणि लावून घेतलं. तू भांडं झाकून ठेवलंस. दिवे लागल्यावर मागच्या दाराशी काकी आल्या, स्वतःचा कटोरा घेऊन. "दे ओ, दे. परेतिन के हाथ के त नो हे, तोर हाथ के आय." परेतिनीच्या हातची तर नाही ना, तुझ्याच हातची आहे. उभ्या उभ्या खाल्ली त्यांनी, फांदीकडे पाठ करून. साखर कमी आहे असंही म्हणाल्या.

आणि गिलास. फांदीच्या डब्याशेजारी, पणतीच्या थोडा मागे, तू एक स्टीलचा गिलास पाणी भरून ठेवायचीस. मी तो सजावटीचाच भाग समजत होते. एकदा विचारलं तर म्हणालीस, "फांदीसाठी." मी म्हटलं, डब्यात तर पाणी आहे. "ते मुळाले. हे वरतून." फांदीला मूळ कुठून असणार, पण तू अशा आवाजात सांगितलंस की पुढे विचारलं नाही. सकाळी गिलासातलं पाणी थोडं कमी झालेलं असायचं. मी घाबरून तुला दाखवायची आणि तू म्हणायचीस, "ऊन किती हाय, पाहून राहिली ना? माठातलं बी कमी होते. मंग माठात बी परेतीन हाय का?" दुसऱ्या दिवशी तू पताका काढून घ्यायचीस, फांदी परत पिंपळाच्या बुडाशी नेऊन टाकायचीस आणि त्या गिलासातलं उरलेलं पाणी तिथेच ओतायचीस. ओतल्यावर थोडा वेळ उभी राहायचीस. मला वाटायचं, ड्यूटीने थकली आहे.

खरं मला समजलं तेव्हा माझ्या कुशीत ही तुझी नात होती. तिच्या वेळी माझ्या कळा लांबल्या होत्या आणि मी पाणी मागत होते, ते मला स्वतःला नीट आठवत नाही, पण तुझा ओला पदर आठवतो. नर्स सांगून गेली होती, "अम्मा, पानी मत देना, शायद ऑपरेशन करना पड़े." तू "हव, हव" म्हणालीस आणि ती वळताच पदराचं टोक गिलासात बुडवून माझ्या ओठांवर पिळलंस. थेंब, दोन थेंब. नर्सने पाहिलं. "अम्मा! सुनाई नहीं देता क्या?" तू अख्खी नोकरी दवाखान्यात काढलेली, सिस्टरांपुढे मान खाली घालून चालणारी. तू मान वर करून म्हणालीस, "एक बार सुनी थी. अब नहीं सुनती." नर्स पुढच्या खाटेकडे गेली. ऑपरेशन लागलं नाही.

घरी आल्यावर तू माझ्यासाठी सुंठीच्या लाडवांचं पीठ भाजत होतीस. मी दाराशी मुलीला घेऊन बसले होते. मी विचारलं, "एक बार म्हणजे कधी?" तू झारा थांबवला नाहीस. पिठाकडे बघतच सांगितलंस.

"शेवटच्या क्वार्टरातली. गँगमनची बायको. तुझ्यापेक्षा बी लहान असन. संध्याकाळी त्या पिंपळाखाली बसून केस विंचरायची, तू पाहिलं असन, पण तू लहान व्हती. आमच्या दवाखान्यात आणलं तिले. रातभर म्हणे, दीदी, थोडं पाणी. दीदी, थोडं पाणी. सिस्टर म्हणे, बाहेरून डॉक्टर येऊन राहिला, ऑपरेशन हाय, पाणी द्यायचं नाही. मी नाही दिलं. गिलास हातातच व्हता माह्या."

"मग?"

"मंग काय. सकाळी डॉक्टर आला."

पीठ लागल्याचा वास आला तशी तू आच कमी केलीस. "पाण्यानं वाचली नसती. ते मले मालूम हाय. पण तहान त भागली असती ना." मग पुन्हा झारा फिरवलास. "पोरगी जगली. तिची आजी घेऊन गेली अभनपुरकडे. अन् इकडे लोकांनी इले झाडात बसवलं. खिळे ठोकले. जित्तेपणी पाणी नाही, मेल्यावर कोंडून ठेवता. काहून? काय केलं व्हतं तिनं?" मी विचारलं, "म्हणून फांदी?" तू म्हणालीस, "भूत-बीत नाही मानत मी. पण ते व्हती. वर्षातून एक दिवस आणतो घरी. झाडानं सोडली तर." आणि लगेच, "पोट्टीले आत ने, धूर लागून राहिला तिले."

नंतर तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. मीही काढला नाही. आपल्या दोघींचं असंच होतं.

तू गेल्यावरही फांदी मी दर वर्षी आणत आले. पहिल्या वर्षी रडत आणली, नंतर सवयीने. तुझ्या नातीने लहानपणी तिच्यावर चमक्या लावल्या, मोठी झाल्यावर पांढऱ्या लाइटची झालर आणली. माझ्या ऑफिसातल्या बाया खीर खायला यायच्या आणि मोबाईलवर फोटो काढायच्या. एकजण म्हणाली, "भाभी, ये तो आजकल बहुत चल रहा है." सदर बाजारात एका दुकानात खरंच मिळतात आता, वाळक्या फांद्या, चांदीचा रंग मारलेल्या, काचेच्या बरणीत उभ्या केलेल्या. दिवाळीला लोक घेतात. मी एकदा उभी राहून बघत होते तर दुकानदार म्हणाला, "असली पेड़ की है दीदी, प्लास्टिक नहीं." मला हसू आलं. तू असतीस तर हात फिरवून खिळा शोधला असतास. गिलासही मी ठेवत आले. कोणी विचारलं तर "फांदीसाठी" म्हणायची. या सगळ्या वर्षांत मला एकदाही भीती वाटली नाही, आई. तुझी रीत होती आणि मी करत होते. ती बाई माझ्यासाठी तुझ्या बोलण्यातली बाई होती.

या वर्षी तसं नाही. तुझ्या नातीचं मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात पडलं. तेव्हापासून ती हसते, बोलते, पण बसताना आधी हात टेकवते आणि मग बसते. या खेपेला सातव्या महिन्यातच तिला मी भिलाईहून घरी आणलं. परवा अंधड आलं तेव्हा खिडक्या लावता लावता माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की या वर्षी फांदी पडू नये. पडली नाही तर आणायची नाही, तुझाच नियम. रात्रभर मी वारा ऐकत होते.

काल सकाळी ई-रिक्षा करून गेले. लांबूनच दिसलं. एक मोठी फांदी पडली होती, शेवटच्या पडलेल्या क्वार्टरवरून थेट आपल्याच क्वार्टरच्या उरलेल्या भिंतीवर. छप्पर नाही, दार नाही, पण स्वयंपाकघराचा ओटा तेवढा उभा आहे, आणि फांदीचा शेंडा त्या ओट्यावर आला होता. तू जिथे स्टोव्ह ठेवायचीस तिथे. एक म्हातारी बकऱ्यांना ती पानं खाऊ घालत होती. मी उभी राहिलेली पाहून म्हणाली, "पूजा बर लेगबे? ले जा, ले जा. मोर छेरी मन के पेट भर गे." पूजेसाठी हवी तर ने, माझ्या बकऱ्यांचं पोट भरलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. कोणीतरी नको म्हणावं असं वाटत होतं. मी म्हटलं, "याच्यात परेतीन असते म्हणतात." ती मोठ्याने हसली. "अब का रइही बपुरी? घर त तुम मन टोर देव." आता कशी राहील बिचारी, घर तर तुम्ही लोकांनी पाडलं. तिने कोयत्याने एक जाड, जुनी डहाळी तोडून माझ्या हातात दिली. मी हात फिरवला. बुडाकडे एक खिळा होता. जुना, गंजलेला, लाकडाने अर्धा गिळलेला.

म्हणजे तू ज्या दिवशी पकड घेऊन गेलीस त्या दिवशी हा राहिला होता. तुझा हात पोचला नसेल इतका उंच कोणी ठोकला असेल तो? की तुझ्यानंतरचा? मला माहीत नाही. मी फांदी तिथेच टाकून येऊ शकत होते. खिळा असेल तर आणायची नाही, असं तू कधी म्हटलं नव्हतंस, नुसतं "पाहून राहिली" म्हणायचीस. मी ती घेऊन आले.

घरी तुझे जावई म्हणाले, "इतके वर्षं पिंपळ आणून आणून आपल्या घरात ज्ञान किती जमा झालं, ते सांग पहिले." ते असंच बोलतात. पण पकड त्यांनीच शोधून दिली, आणि खिळा निघेना तेव्हा डहाळी पायाखाली धरून त्यांनीच ओढला. निघाला तेव्हा चिकाचा एक थेंब आला. तेवढ्यात भिलाईहून मुलीच्या सासूबाईंचा फोन. व्हिडिओवर त्यांना मागे फांदी दिसली. वाईट बाई नाहीत त्या. "समधिनजी, आप लोग अपने ढंग से मनाइए, मैं कौन होती हूँ. बस वो पीपल की डाल... बहू पेट से है. एक बार हो चुका है." त्यांचा आवाज कापत होता. मी "हव" म्हटलं. काकींना तू दिलंस तसं उत्तर माझ्या तोंडातून आलं नाही.

मी डबा व्हरांड्यात ठेवला. गिट्टी घातली, पाणी घातलं, पताका लावल्या. घरात आणला नाही.

मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. "आई, बाहर क्यों रखा? हर साल तो अंदर रहता है."

"बाहेर हवा लागन."

"अंदर पंखा है ना." थोडं थांबून म्हणाली, "और वो गिलास?"

"कोणता गिलास?"

"जो रखती हो. पानी का."

मी म्हटलं, "डब्यात पाणी आहे ना." ती माझ्याकडे बघत राहिली. पोटावर हात ठेवून, तू फांदीवर ठेवायचीस तसा. "नानी डरती थी क्या?" मी म्हटलं, नाही. "तो?" मी खीर ढवळायला आत गेले. तिला त्या बाईची गोष्ट मी कधी सांगितली नाही, आणि कालचा दिवस सांगण्याचा नव्हता.

आई, भूत असतं तर सोपं होतं. भुताला लिंबू आहे, खिळा आहे, आणि मी मानतही नाही. पण ही बाई होती. तिला तहान लागली होती आणि कोणीही तिला पाणी दिलं नाही. मी गिलास ठेवला तर ती आपल्या घरात आहे असं मीच म्हटल्यासारखं होईल. आणि आत माझी मुलगी आहे, याच दिवसांतली. आणि गिलास ठेवला नाही तर दुसऱ्यांदा कोणी तिला पाणी नाही म्हटलं असं होतं, आणि या वेळी ते मी. काल दिवसभर मी या दोन गोष्टींच्या मधे होते. खीर वाटली, आल्या-गेल्यांशी बोलले, गिलास ठेवला नाही. पहिल्यांदाच.

आज उजाडताना जाग आली ती पानांच्या आवाजाने. तुला माहीत आहे तो आवाज, लांबवर पाऊस पडतो आहे असं वाटतं. मी उठून व्हरांड्यात गेले. वारा नव्हता. कुंडीतला गोडनिंब अगदी स्थिर होता. पिंपळाची पानं हलत होती. देठ लांब असतो म्हणून हलतात, हे मला तूच सांगितलं होतंस. मी तेच मनात म्हटलं. तरी माझ्या तोंडून निघालं, "थांब बाई जरा." तू तुझ्या पेशंटांना म्हणायचीस तसंच. कोणाला म्हटलं ते मला सांगता येणार नाही. त्या बाईला म्हटलं असेल. पण आई, क्षणभर मला असं वाटलं की तिथे बसून पाणी मागत असलेली तूच आहेस, आणि मी घाबरून आत आले.

एवढंच सांगायचं होतं. मी भ्याले. तू इतकी वर्षं जे उघड्या दाराने केलंस ते मला एक दिवस जमलं नाही.

दवाखान्यातून अजून फोन आलेला नाही. चांगलं सांगतील की वाईट, ते कळायच्या आधीच करायचं असं मी ठरवलं आहे. नंतर केलं तर तो नवस होईल, नाहीतर दंड होईल, आणि तुझं ते दोन्ही नव्हतं. हा कागद मी कुठे जपून ठेवणार नाही. तुझ्यापर्यंत पोचवायला कोणी नाही आणि मुलीला मोठं अक्षर लगेच वाचता येतं. तिला मी तोंडाने सांगेन, बाळंतपण झाल्यावर, पीठ भाजताना.

मधे उठले होते. डबा जड आहे, गुडघा खरंच दुखतो, म्हणून गिट्टीसकट ओढत आणला. व्हरांड्यापासून तसबिरींपर्यंत फरशीवर पाण्याची ओळ उमटली. चार-पाच पानं गळली ती उचलली. पंखा बंद केला. मग माठातून एक गिलास भरला आणि डब्याशेजारी ठेवला, पणतीच्या थोडा मागे. उठायला गेले तर मलाच तहान लागलेली. दुसरा गिलास भरून आणला आणि तिथेच, फांदीजवळ, खाली बसून प्याले.